ओळख परेड

शिवणकाम करणाऱ्या बाईंनी पोलीस ठाण्याच्या मागच्या आवारात पाऊल टाकलं. समोर ठाण्यातले सगळे पोलीस टोप्या काढून रांगेत उभे होते.

"हे सगळे माझ्यासाठी?"

"तुमच्या तक्रारीसाठी," मुख्यालयातून चौकशीला आलेल्या अधिकारी बाई म्हणाल्या. मग त्या ठाणेदारांकडे वळल्या. "साहेब, त्या दिवशी तुम्हीही हजर होतात. रांगेत या."

टोपी काढून ठाणेदार शेवटच्या शिपायाशेजारी जाऊन उभे राहिले. बाई बघतच राहिल्या. उभा जन्म वर्दी दिसली की त्या रस्ता बदलत आलेल्या. ज्याच्या एका हाकेसरशी सारं ठाणं उठून उभं राहतं, त्यालाही असं बोलावणारं कुणीतरी असतं, आणि तो मुकाट्याने येतो, हे पाहून त्यांना भलतंच नवल वाटलं.

गाडी भलत्या जागी लावली म्हणून त्यांच्या ड्रायव्हर मुलाला इथे आणलं होतं. मागून कुणीतरी कानाखाली ठेवून दिली, तेव्हापासून त्या कानाने ऐकू येईना. मारणारा त्याला दिसलाच नव्हता. दारातून पाहिला होता तो आईने.

"आई, चल घरी," मुलगा फाटकातून कुजबुजला. "उद्या याच रस्त्यांवर गाडी चालवायचीय मला."

"गप रे," त्या म्हणाल्या.

"ओळखलंत तर त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा," अधिकारी बाईंनी समजावलं. "नुसतं बोट दाखवून चालणार नाही. हात ठेवला नाहीत, तर तक्रार इथेच बंद होईल."

बाई रांगेसमोरून निघाल्या. एकाच्या शर्टाचं बटण लोंबत होतं. एरवी त्यांनी त्याला तिथल्या तिथे टोकलं असतं. त्या पुढे सरकल्या आणि थबकल्या.

तोच. ताडमाड उंच. बाई त्याच्या छातीलाही पुरत नव्हत्या. त्यांनी हात उचलला, पण तो अर्ध्यावरच अडला. वर्दीला हात लावायचा? त्यांनी टाचा उंचावल्या, तरी अडलेला हात वर जाईना. आवारात कुणी हललं नाही. ठाणेदार नाकासमोर बघत होते.

त्या उंच शिपायाने एकदाच मान खाली करून त्यांच्याकडे पाहिलं. मग गुडघे वाकवले आणि आपला खांदा त्यांच्या हाताजवळ आणला.