एका तासाचं काम

एम.कॉम. होऊन दामिनी दोन वर्षं घरीच होती. मग एका एजन्सीमार्फत तिला रोजगाराच्या सर्वेचं तीन महिन्यांचं काम मिळालं. टॅब घेऊन घरोघर फिरायचं.

रिसाली वस्तीत ती नरेशच्या घरी गेली. नरेश चाळिशीचा वेल्डर. बाहेरून स्वस्त तयार गर्डर येऊ लागले, ऑर्डरी आटल्या आणि आठ महिन्यांपूर्वी त्याच्या वर्कशॉपनं बावीस जणांना एकाच दिवशी घरी पाठवलं. तेव्हापासून तो सकाळी मजुरीच्या चौकात उभा राहायचा आणि दुपारी तसाच परतायचा.

गेल्या सात दिवसांत काय काम केलं, असं तिनं विचारलं. काहीच नाही, तो म्हणाला. मग आठवून त्यानं सांगितलं की मंगळवारी बायको दवाखान्यात गेली, तेव्हा तिच्या भाजीच्या ठेल्यावर आपण तासभर बसलो होतो.

नियम स्पष्ट होता. आठवड्यात एक तास काम, मग ते घरच्या धंद्यात फुकट का असेना, केलं की माणूस रोजगारात. दामिनीनं बटण दाबलं. नरेशनं वाकून पाहिलं आणि काय लिहिलं ते विचारलं.

"तुम्ही कामावर आहात, असं," ती म्हणाली.

आतून त्याची आई अंजनाबाई लगबगीनं आली. "काम लागलं? कुठी लागलं वो माय?"

दामिनी समजावू लागली. बोलता बोलता तिला स्वतःच्याच शब्दांची शिसारी आली. म्हातारीच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू विझलं.

"मंग मी रोज चौकात काहून उभा राहतो?" नरेश म्हणाला.

संध्याकाळी मीटिंगमध्ये सुपरवायझर खूश होता. या भागात बेकारी कमी निघतेय, म्हणून त्यानं समोसे मागवले होते. नरेशबद्दल शेरा कुठे लिहायचा, असं दामिनीनं विचारलं. फॉर्ममध्ये तशी जागाच नाही, तो म्हणाला. समोशाला हात न लावता ती उठून बाहेर गेली.

काम सोडायचं तिनं ठरवलंही. पण सोडलं असतं, तर पुन्हा घरीच बसावं लागलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेजारच्या बोरसी वस्तीत गेली. पहिल्याच घरातल्या बाईनं सांगितलं, मी काहीच करत नाही.

"घरच्या दुकानात थोडी मदत? एखादा तास?" दामिनीनं विचारलं. स्वतःचा तो गोड आवाज ऐकून तिला किळस आली. बाई आठवू लागली होती.