स्टुर्लाची खूण

त्या दिवशी केटिलचं आणि माझं वाजलं ते एका आनंदाच्या बातमीवरून. केटिल माझा थोरला भाऊ. लग्न ना त्यानं केलं ना मी. वडलांची मेंढरं सांभाळत आणि एकमेकांचं डोकं खात आम्ही म्हातारपणाला टेकलो. मी शेजारच्या स्टुर्लाच्या फाटकावरून परत आले आणि सांगितलं, स्टुर्ला त्याची खूण आपल्याला देतोय. केटिलनं कॉफीचा पेला खाली ठेवला आणि पोरासारखा हसला.

हसणारच. आमच्या खोऱ्यात दर घराची मेंढीच्या कानाला कापून केलेली खूण वेगळी, पणज्यापासून चालत आलेली. उन्हाळाभर सगळ्यांची मेंढरं डोंगरावर एकत्र चरतात. बर्फाच्या आधी खाली आणली की कान बघायचा आणि आपापलं जनावर ओढून न्यायचं. आमची खूण म्हणजे दोन्ही कानांची चाळण. स्टुर्लाची मात्र डाव्या कानाला एक खाच, बस्स. कोकराला कळतसुद्धा नाही. केटिलचा त्या खुणेवर तरुणपणापासून डोळा होता.

"मेंढरंच न्हाईत तर खूण काय चाटायचीय त्याला?" केटिल म्हणाला.

मेंढरं नव्हती हे खरं. हिवाळ्याच्या तोंडाला स्टुर्लाची एक मेंढी थरथरायला लागली, भिंतीला अंग घासायला लागली. तपासणीत मेंदू पोखरणारा खाजेचा रोग निघाला आणि सरकारी माणसं सगळा कळप मारायला घेऊन गेली. त्या रोगाला औषध नाही आणि तो मातीत वर्षानुवर्षं दबा धरून राहतो, म्हणून एक आजारी निघाली तरी सगळ्या जातात. पुढची दोन वर्षं त्याला मेंढरू पाळायची बंदी झाली. जनावरांच्या डॉक्टरनं आम्हाला बजावलं होतं, त्याच्या गोठ्यात जाऊ नका आणि बूट धुवा. आम्ही इतके शहाणे की त्याच्या घरीच जायचं बंद केलं. कुणी सुका मासा, कुणी राय धान्याची काळी भाकरी फाटकाच्या खांबाला लटकवायचं आणि लांबून हात करायचा. मीही तेच केलं, वर आपण केवढी काळजी घेतो असं मला वाटायचं.

"कुत्रीपण घेऊन जा म्हणाला," मी म्हणाले.

"मग आणायची न्हाईस व्हय? कामाची हाय ती."

मला बरं वाटत नव्हतं. महिनाभर दाढी वाढवून फिरणारा स्टुर्ला आज गुळगुळीत दाढी करून आला होता. चेहरा निवांत. जाताना त्यानं मला थँक्यू म्हटलं, आणि असली भाषा त्याच्या तोंडून मी जन्मात ऐकली नव्हती.

"केटिल, आपल्यात जिता माणूस खूण कवा देतो रं?"

"गाव सोडून निघाला की."

"मग ह्यो कुठं निघालाय?"

केटिलचं हसू गेलं. पण मी त्याला जाऊन विचारते म्हटल्यावर तो भडकला. असलं विचारू नये, डोक्यात नसेल तर शिरेल, म्हणाला. आणि असलं तर, मी विचारलं. मग त्यानं बुटांचं काढलं. रोग आपल्या गोठ्यात आला तर काय करायचं? मी म्हटलं, बूट बाहेर काढीन, मोज्यांवर आत जाईन, आणि दार आपटून निघाले.

दुपारीच अंधारून आलं होतं. वारा बर्फ तोंडावर मारत होता. स्टुर्लाच्या पायरीवर मी बूट काढले आणि न ठोठावता आत शिरले. तो स्वयंपाकघरात टेबलापाशी बसला होता. टेबल लख्ख पुसलेलं आणि चूल थंड. कॉफीचा वाससुद्धा नव्हता, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

"बूट कुठं हायत तुझे?"

"पायरीवर. स्टुर्ला, तू जीव द्यायचं मनात धरलंयस का?"

तो चिडेल असं वाटलं होतं.

"व्हय," म्हणाला.

मग तो बोलायला लागला. रोज पहाटे उठतो, बूट चढवतो, गोठ्याच्या दारापर्यंत जातो आणि मग त्याला आठवतं. आपणच हा रोग खोऱ्यात आणला असं त्याच्या मनानं घेतलं होतं. रात्रभर झोप नाही. आपण नसलो तर सगळे सुटतील, एवढं एकच डोक्यात.

"तोंडावर शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं," तो म्हणाला. "तुम्ही लांबून हात करायचात."

मी रडले. मग चूल पेटवली आणि कॉफी ठेवली. मी इथून हलणार नाही, हे त्याला सांगितलं. त्याच्यासमोरच माणसांच्या डॉक्टरला फोन लावला. डॉक्टर त्याच्याशी पुष्कळ वेळ बोलला आणि मला म्हणाला, एकटं सोडू नका, बंदूक घरातून हलवा. केटिल आला. त्यानंही पायरीवर बूट काढले. बंदूक आमच्याकडं कुलपात ठेवून आला आणि रात्री स्टुर्लाच्या बाकड्यावर झोपला.

"खूण मला नको," मी स्टुर्लाला म्हणाले. "ठेव म्हणतोस म्हणून ठेवते. पण मागायला तूच यायचं."

लगेच काही बरं झालं नाही. गोळ्या सुरू झाल्या, शहरातल्या एका बाईशी दर आठवड्याला फोनवर बोलणं सुरू झालं. खोऱ्यातली माणसं पाळीपाळीनं मोज्यांवर त्याच्या टेबलाशी जाऊन बसायला लागली. तरी काही दिवस असे गेले की तो भिंतीकडं तोंड करून पडायचा आणि म्हणायचा, कशाला आलीस त्या दिवशी. मी घरी येऊन दूध तापवताना रडायची. उद्याचा दिवस निघेल का, हे डॉक्टरलाही ठाऊक नव्हतं.

वसंतात आमच्याकडं मेंढ्या व्यायला लागल्या. एका सकाळी स्टुर्ला आमच्या फाटकाबाहेर उभा दिसला. बोलावलं तरी आत येईना. मी बाहेर गेले.

"माझी खूण हाय न्हवं तुझ्यापाशी?"

"हाय."

"राहू दे अजून. पण कुणाला देऊ नगंस. मी येणार हाय न्यायला."

तेवढ्यात केटिल कोपरापर्यंत रक्तानं भरलेल्या हातांनी गोठ्यातून बाहेर आला आणि खेकसला, दोन मेंढ्यांची कोकरं आडवी अडकलीत आणि हे इथं गप्पा छाटतायत. स्टुर्लानं आपल्या पायांकडं बघितलं.

"माझे बूट..."

"मग काढ की तिथंच," केटिल म्हणाला. त्यानं स्वतःच्या पायातले बूट काढून फाटकावरून त्याच्याकडं फेकले आणि चिखलातून अनवाणीच गोठ्याकडं वळला. "आणि ते वरचे कपडेपण टाक. दारामागं माझा अंगरखा हाय."

स्टुर्लानं केटिलचे बूट चढवले. ते त्याला मोठे होत होते. फाटक उघडून तो पाय ओढत माझ्यापुढनं गोठ्याकडं गेला.