विधवेच्या प्रश्नाचं उत्तर

"कायदा शीक पोरी, म्हणजे आपल्या उंबऱ्यावर कुणी आवाज चढवणार नाही." तळ्यातून क्रॉफिशचे, म्हणजे गोड्या पाण्यातल्या झिंग्यांचे, पिंजरे ओढता ओढता बाप म्हणायचा. आवाज ओडीलच्या कानात अजून ओलाच होता. बाप गेला, पण मृत्युपत्र न करताच.

वकिलीच्या परीक्षेत ती दोनदा आपटली. अमेरिकेतल्या दुसऱ्या राज्यांतली पोरं निम्मा पेपर पर्यायांवर खुणा करून सोडवतात. लुईझियानात लिही बाई लिही. सोमवार, बुधवार, शुक्रवार, रोज तीन विषय. आधी नियम मांडा, मग तो लावून दाखवा, मग निकाल द्या. करार, गुन्हे, नुकसानभरपाई, सगळं निभायचं. गाडं अडायचं ते नागरी संहितेच्या दुसऱ्या पेपरात, वारसाहक्काच्या प्रश्नापाशी. दोन्ही खेपेला तीच बाई: नवरा मेलेली, मुलं असलेली, पुन्हा लग्नाला उभी. घर कुणाचं? उत्तर तोंडपाठ होतं. पण पेन टेकवलं की आईचा चेहरा यायचा आणि पान कोरं राहायचं.

आता तिसरी खेप. आई, यूलाली, चुलीशी उभी राहून गंबोच्या रश्शासाठी पीठ तेलात परतत होती. हात थांबला की करपतं, म्हणून मान न वळवता बोलत होती.

"या वेळी संत ज्यूडला मेणबत्ती लावते. हरलेल्या खटल्यांचा देव तोच."

"आई, टोमणे पुरे."

"बरं बाई. ओवीद म्हणतो, आमच्या लग्नात तूच पहिली नाचायचीस. आणि रेमीचं कौतुक वाटतं गं! बापावर एवढा जीव, तरी परवा म्हणाला, 'आई, वाट कशाची बघतेस? उरकून टाक.'"

ओडीलच्या अंगाची लाही झाली. भावाला हे घर विकायचंय, हे तिला ठाऊक होतं. गप्प बसून तिने काय राखलं होतं? ना आईचं सुख, ना स्वतःचा पेपर.

"भेंडी चिरतेस ना?" आई म्हणाली.

ओडीलने सुरी खाली ठेवली.

"नियम असा आहे, आई. मृत्युपत्र नसेल तर घरातला नवऱ्याचा अर्धा वाटा मुलांचा. बायकोला त्यात राहायचा हक्क, पण पुन्हा लग्न करेपर्यंतच."

चमचा थांबला. पीठ करपल्याचा वास सुटला.

"म्हणजे पपांचा अर्धा वाटा माझा आणि रेमीचा. लग्नाच्या दिवशी तुझा त्यावरचा हक्क संपेल, आणि रेमी त्याच दिवसाची वाट बघतोय. मला हे कायद्याच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं."