राजलक्ष्मीच्या नावानं

लोणी भापकरच्या राजलक्ष्मीनं सकाळी रोपवाटिकेचा ई-मेल उघडला, तर एक्केचाळीस मेल परत आलेले. 'आपला संदेश पोचला नाही.' तिनं तर एकही पाठवला नव्हता. एकाखालचा मूळ मजकूर वाचला आणि तिचं डोकं भणाणलं. 'आमच्या डाळिंबाच्या रोपांवर तेल्या रोग आहे. यंदा रोपं नेऊ नयेत.' खाली तिचंच नाव.

ती तडक बारामतीला भाचीकडं गेली. प्राची कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची.

"मावशी, पाकिटामागं तुझं नाव कुणीही लिहू शकतं. पत्ता चुकला की पाकीट तुझ्या दारात येतं. हे चुकलेले. पोचलेले वेगळेच."

"थांबंल का हे?"

"तुझ्या नावाचे खोटे मेल बहुतेक ठिकाणी अडतील, एवढं करते."

"कर. पण मला पाठवणारा पायजे."

राजलक्ष्मी एकेक पत्ता वाचत बसली. जयवंतराव या जुन्या गिऱ्हाइकाच्या पत्त्यात एक अक्षर कमी होतं. ती चूक तिचीच, तीन वर्षांपूर्वीच्या यादीतली, नंतर सुधारलेली. ती जुनी यादी फक्त ऋषिराजकडं होती. तिच्याकडं काम शिकून त्यानं इंदापुरात स्वतःची रोपवाटिका काढली होती. प्राचीनं मेलच्या आतला तपशील उघडला. मेल त्याच्याच रोपवाटिकेच्या कॉम्प्युटरवरून सुटले होते.

"फोन करतेस?"

"न्हाय. तोंडावरच बोलणार."

शनिवारी इंदापुरात ऋषिराजनं बागायतदारांचा मेळावा भरवला होता. तो माईकवर रंगात आला असताना राजलक्ष्मी कागदांचा गठ्ठा घेऊन सरळ मंचावर चढली.

"ऋषिराज, माझ्या रोपांना रोग हाय म्हनून तू लिवलंस. माझ्या नावानं. हे बघ, परत आल्यात."

"राजाक्का, काय तरी गैरसमज..."

तिनं माईक ओढून घेतला आणि जयवंतरावांच्या पत्त्यापासून सगळं सांगितलं. पुढच्या रांगेतले जयवंतराव उठले. "व्हय, माझा पत्ता तिच्याकडंच चुकला हुता. तुला कसा गावला?"

ऋषिराज मंचाच्या पायरीकडं सरकला.

"आता सगळ्यांना मेल लिव्ह," राजलक्ष्मी म्हणाली. "ह्या खेपंला तुझ्या नावानं. मी सांगते तसा."

दीडशे माणसांसमोर त्यानं मोबाइलवर मेल लिहिला. 'खोटं' हा शब्द तिनं त्याला दोनदा लिहायला लावला.

मेल गेल्यावर त्यानं हात जोडले. "आक्का, आता पोलिसांत जाऊ नका."

"सकाळीच जाऊन आलेय," ती म्हणाली आणि बारामतीच्या एसटीला निघाली. कित्येक दिवसांनी तिला कडकडून भूक लागली होती.