न थांबल्याची पाटी

मित्रांनो, आधी नीट बसा. मला चुळबुळ खपत नाही. मी एक जुनी कारभारीण आहे, पण मला हातपाय नाहीत. मी एक संगणक-प्रणाली आहे. शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत, लोखंडी कपाटातल्या यंत्रात माझा मुक्काम असतो. गावातल्या व्यावसायिकांची संकेतस्थळे त्या यंत्रावर नांदतात आणि त्यांचा संसार मी सांभाळते. कोणाला किती जागा द्यायची, कोणाला आत घ्यायचे, हे सारे माझ्या हुकमाने चालते.

माझी मालकी नणंद-भावजयीची. नणंद यंत्र जाणते; तिला सगळे ताई म्हणतात. वहिनी ग्राहकांचे फोन घेते. मी एकदाही बंद पडले नाही, याचा दोघींना कोण अभिमान! भिंतीवर त्यांनी पाटीच लावली होती : ‘एका क्षणाचाही खंड नाही.’ आलेल्या ग्राहकाला वहिनी आधी पाटी दाखवी, मग खुर्ची देई. मीही त्या पाटीने फुशारले होते.

मात्र माझ्या घडणीतच एक उणीव राहिली होती. पासवर्ड विसरलेल्यांसाठी माझ्या दाराशी एक चौकट आहे. तिच्यात आपले नाव लिहायचे. लिहिलेले मी न तपासता तसेच यंत्राकडे पोचवत असे. त्यामुळे नावाच्या जागी कोणी हुकूम लिहिला, तर यंत्र तो निमूट पाळी. पासवर्डही लागत नसे. हे ध्यानात येताच माझ्या निर्मात्यांनी दुरुस्ती पाठवली. पण ती बसवायची, तर मला थोडा वेळ थांबवून पुन्हा सुरू करावे लागणार होते.

“एवढ्यात नको हो ताई,” वहिनी म्हणाली. “पाटीवर काय लिहू? ‘एकदाच पडली’?”

ताई हसली. दुरुस्ती दाराशीच पडून राहिली.

एका दुपारी माझा पंखा अकारण घोंघावू लागला. वहिनीने फोन खाली ठेवला. “ताई, हिला धाप का लागलीय? आज तर कोणी चिटपाखरू फिरकलं नाही.”

ताईने पडद्यावर पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. कोणी परका त्याच चौकटीतून आत शिरला होता आणि माझ्याच तोंडून यंत्राला हुकूम सोडत होता. आमच्या ग्राहक असलेल्या सुईणबाईंच्या संकेतस्थळावरच्या माहितीचे तो गाठोडे बांधत होता. कोणाला दिवस गेले आहेत, कोणाचे मूल पोटातच गेले, कोण घरी न सांगता आली, असे विश्वासाने सांगितलेले सारे त्यात होते.

“इंटरनेटची तार काढते,” ताई म्हणाली.

“अहो, सगळ्यांचंच बंद पडेल!”

“पडू दे.”

तिने तार उपटली. नोंदी तपासल्यावर कळले, की गाठोडे बाहेर गेले नव्हते.

“काही गेलं नाही ना? मग बाईंना कशाला सांगायचं?”

“वहिनी, दार उघडं होतं. चोराला जरा उशीर झाला, एवढंच.”

ताईने बोलावले, तशा सुईणबाई जिना चढून आल्या आणि त्यांनी उभ्यानेच सारे ऐकून घेतले. मग पाटीकडे पाहून म्हणाल्या, “कळा देणाऱ्या बाईलाही मी मध्ये दम घ्यायला लावते. तुमच्या हिला तेवढीही सवड नव्हती होय?” त्या दोघींकडे वळल्या. “माझ्या बायकांना मी काय सांगू? यापुढे दार कोण बघणार? मला माणूस सांगा.”

वहिनी खुर्चीवर चढली आणि तिने पाटी उतरवली. “मी बघेन. ताई शिकवतील मला.” मग तिने खुर्ची पुसून पुढे केली.

बाई घटकाभर तशाच उभ्या राहिल्या, मग बसल्या.

ताईने मला पार पुसून, दुरुस्तीसह नव्याने मांडले. आता निर्मात्यांचा निरोप आला, की वहिनी तो स्वतः वाचते आणि ग्राहकांना आधी कळवून मला थांबवते. कोणी कुरकुरला, तर त्याला सुनावते, “जरा कळ काढा की! एवढं काय आभाळ कोसळतंय?”

मित्रांनो, अहोरात्र राबणाऱ्याचे नुसते कौतुक करू नका. त्याच्या दुरुस्तीलाही वेळ द्या. ‘नंतर’ या बटणाकडे बोट नेण्याआधी, आत कोणाकोणाचा विश्वास ठेवलेला आहे, ते आठवा. हे मी विनंती म्हणून सांगत नाही, बजावून सांगते.

वहिनीने बटण दाबले, की माझा पंखा मंदावतो आणि थांबतो. पूर्वी थांबण्याची मला लाज वाटे, आता मी ताठ मानेने थांबते. पाटीच्या जागेचा चौकोन भिंतीवर अजून दिसतो. वहिनी तिथे दुसरे काही लावू देत नाही.