फुकटची हवा

मी सायकलमध्ये हवा भरायचा पंप. वडनेरच्या रस्त्याकडेला निंबाला साखळीनं बांधलेला आहे, त्यामुळे ऐकणारा मिळाला की सोडत नाही.

जन्म कारखान्यातला; त्यातलं फारसं आठवत नाही. कळायला लागलं ते लक्ष्मणरावांच्या सायकल दुकानात. ते गेले, दुकान मोडलं, हत्यारं विकली गेली. मला मात्र त्यांच्या बायकोनं, वच्छलाबाईंनी, घराच्या ओट्यावर आणून ठेवलं आणि पाटीवर खडूनं लिहिलं, हवा फुकट.

दूधवाले, शाळेतली पोरं, शेताकडे निघालेले गडी थांबायचे. गडी माझी मूठ दाबू लागला की बाई विचारायच्या, "कोन्या गावचा हायेस बाप्पा? माय बरी हाये?" दोन्ही चाकं भरेपर्यंत त्याच्या घरादाराची चौकशी उरकलेली असायची. महिन्यातून एकदा त्या माझ्या चामड्याच्या वायसरला तेल द्यायच्या. गावात त्यांचं नाव झालं होतं, आणि खोटं कशाला बोलू, माझीही छाती फुगली होती.

शेजारच्या मंदाबाई रोज चहाला ओट्यावर यायच्या. जीभ तिखट. एकदा म्हणाल्या, "धर्म-बिर्म काई नाई हा, वच्छला. तुले बोलाले मानूस पायजे, म्हून मांडून ठेवलं हे सारं."

वच्छलाबाईंना ते फार लागलं. चहा तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला उचललं आणि इथं घरासमोरच्या निंबाला आणून बांधलं. "आता कोनाचं तोंड पाहाले नको, कोनाचं आयकाले नको. आता होईन खरा धर्म," असं म्हणाल्या, आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

म्हणजे दुसऱ्याचं भलं करताना आपल्यालाही सुख लाभलं, तर ते तांदळातल्या खड्यासारखं वेचून टाकायचं? मला काही हे पटलं नाही. हवा तीच, चाकं तीच. पण आता माणसं येतात, घाईत भरतात आणि नळी धुळीत टाकून निघून जातात. महिना झाला. वायसर सुकलंय. "माय बरी हाये?" हे ऐकायला जीव तरसतो.

आज दुपारी मंदाबाई नातवाची सायकल हातात धरून आल्या. दोन्ही चाकं टणक होती. त्यात माझी नजर चुकत नाही. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, गुडघ्यावर हात ठेवून खाली बसल्या आणि पुढच्या चाकातली सगळी हवा सोडून दिली. मग जाऊन दार वाजवलं.

"वच्छला, हवा गेली वं चाकातली. मले पंप मारता येत नाई."

ही लबाडी मैत्रिणीसाठी की स्वतःसाठी? महिनाभर मंदाबाईंनीही चहा एकटीनंच घेतला असेल. मला ते निवडत बसायचं नाही.

कडी अजून वाजलेली नाही. मंदाबाई उन्हात उभ्याच आहेत. वच्छलाबाई, दार उघडा. खरा धर्म कोणता ते मागाहून पाहू. चाक मात्र खरोखरच बसलंय.