दोष स्क्रीनचाच असणार

सासूबाईंनी फोटो हातात घेतला, चष्मा पुसून पुन्हा बघितला आणि म्हणाल्या, "सगळ्यांना माणसासारखं काढलंस आणि मलाच तेवढं लिंबू केलंस होय गं?"

फोटोवाली हसली. आख्खी गल्ली तिला याच नावाने ओळखायची. घराच्या पुढच्या खोलीत तिचा स्टुडिओ होता, आणि लग्नापासून पासपोर्टपर्यंतचे सगळे फोटो ती एका जुन्या लॅपटॉपवर बसून सुधारायची. त्या लॅपटॉपवरचा तिचा विश्वास कधीच उडाला होता. मान जरा हलवली की त्यातला रंग बदलायचा. त्यात गेले काही आठवडे सासूबाईंचा फोटो काढला की चेहऱ्यावर पिवळट झाक यायची. ती मुकाट्याने झाक पुसायची, गालांवर थोडी लाली आणायची आणि पुढच्या कामाला लागायची. या फोटोत घाईघाईत ते राहून गेलं होतं.

"आई, स्क्रीनवरच रंग धड दिसत नाही, मग कागदावर कुठून येणार? लॅपटॉपला जोडायला एक चांगला मोठा मॉनिटर घ्यायचाय कधीचा."

"मग घे की. मी येते सोबत."

"तुम्ही? दुकानात?"

"तोंड माझं बिघडलंय. मग तपासायला तेच न्यायला नको?"

दुसऱ्या दिवशी सकाळी फोटोवालीने त्यांना खिडकीशी बसवलं, शेजारी नातीला उभं केलं, रंग ताडून बघता यावा म्हणून दोघींच्या हातात एकच पांढराशुभ्र रुमाल धरायला दिला आणि स्वच्छ उजेडात फोटो काढला. त्याला हातही न लावता पेनड्राइव्हवर घेतला आणि सासू-सून निघाल्या.

दुकानात भिंतभर मॉनिटर होते. दुकानदाराचं तोंड नळासारखं चालू होतं. "ताई, फोटोचं काम असेल तर आकार नंतर बघा, आधी रंग. बाजूने बघितलं तरी रंग हलता कामा नये. आणि चकचकीत काच नको, स्वतःचंच तोंड दिसत राहतं त्यात."

"नको बाई," सासूबाई म्हणाल्या, "एक तोंड सांभाळताना नाकी नऊ आलेत."

दुकानदार हसला आणि त्याने तो फोटो पहिल्या मॉनिटरवर लावला. सासूबाई पिवळ्या.

"हा नको," फोटोवाली म्हणाली.

दुसऱ्यावर लावला. पुन्हा पिवळ्या.

"ह्यातही तेच! जरा वरचा दाखवा हो."

त्याने दुकानातला सगळ्यात भारी मॉनिटर चालू केला. रंग कारखान्यातूनच जुळवून आलेत, छापून येईल अगदी तस्सं दिसतं, असं तो सांगत होता. त्यावर नातीच्या फ्रॉकची शिवणसुद्धा मोजता आली असती. आणि तिच्या शेजारी सासूबाई, पहिल्या दोन्हींपेक्षा पिवळ्या.

"कमाल आहे," फोटोवाली पुटपुटली. तिने माउस हातात घेतला आणि नेहमीच्या सवयीने फोटो मोठा केला. आधी रुमाल बघितला. पांढरा, बर्फासारखा. मग नातीचे डोळे. बुबुळाभोवती स्वच्छ पांढरं. मग तिने फोटो बाजूला सरकवला आणि सासूबाईंचा डोळा स्क्रीनभर पसरला.

पांढरं कुठेच नव्हतं.

एकाच खिडकीचा उजेड, एकच कॅमेरा, एकच रुमाल. मग हे कसं? ती सावकाश वळली. दुकानातल्या पांढऱ्याफेक दिव्यांखाली सासूबाई उभ्या होत्या, पर्स पोटाशी धरून. घरातल्या मंद बल्बखाली रोज दिसणारा तो चेहरा तिने जणू पहिल्यांदाच बघितला.

"आई... डोळे नीट उघडा बघू."

"अगं, काय झालं?"

"उघडा म्हणते ना!" तिचा आवाज चिरकला. दुकानदाराने पटकन खुर्ची पुढे सरकवली.

मॉनिटर तिथेच राहिला. तिने नवऱ्याला फोन लावला. "हॅलो, काय झालंय?" तो ओरडत होता आणि ही नुसती "आईंना, आईंना" करत होती. शेवटी फोन सासूबाईंनी हातात घेतला आणि म्हणाल्या, "मला काही झालेलं नाही. हिला सांभाळ आधी."

दवाखान्यात डॉक्टरांनी खालची पापणी ओढून बघितली आणि लगेच दाखल करून घेतलं. कावीळ होती, तीही बरीच वाढलेली. पित्ताची नळी कशाने तरी बंद झाली होती. "खडा असू शकतो," डॉक्टर म्हणाले, "गाठही असू शकते." इतके आठवडे तो पिवळेपणा फोटोवाली स्वतःच्या हाताने पुसत आली होती, फोटोमागून फोटो, आणि वर लाली चढवत होती.

तपासणीचा निकाल यायचा होता. ती खाटेशी बसून राहिली. मध्येच सासूबाईंनी तिचा हात धरला.

"मला आरशात दिसत होतं गं."

"काय?"

"पिवळेपणा. अंगाला खाजही सुटायची. म्हटलं, आरसा जुना झालाय. मग तुझ्या फोटोतही तसंच आलं. तुझी स्क्रीन बिघडलीय म्हणालीस ना, तेव्हा इतकं बरं वाटलं! म्हणून तर दुकानात आले. म्हटलं, नव्या स्क्रीनवर गोरी दिसले की सुटले."

रागवावं, की रडावं, की गळ्यात पडावं, फोटोवालीला काही कळेना. "आई, एका शब्दाने तरी सांगायचं होतं हो," एवढंच ती म्हणाली, आणि मग तिला हुंदका आवरेना.

खडाच निघाला. दुर्बीण घालून डॉक्टरांनी तो काढला, आणि हळूहळू सासूबाईंचे डोळे निवळले. घरी आल्यावर त्यांनी पहिल्याच दिवशी भाजीवाल्याशी कडाकडा भांडून घेतलं, तेव्हा त्यांच्या मुलाचा जीव भांड्यात पडला.

फोटोवालीचा मात्र पडायला वेळ लागला. पुढे कितीतरी दिवस गिऱ्हाईक समोर बसलं की ती कॅमेरा खाली ठेवून आधी नुसतीच बघत राहायची. लोक अवघडून विचारायचे, "काय झालं, केस विस्कटलेत का?"

"नाही," ती म्हणायची, "जरा उजेडाकडे बघा."